साडेसात वर्षांत कडक झालेला टिश्यू व्हॉल्व्ह : एका तरुण आईचं प्रकरण

या प्रकरणातल्या रुग्णाला इथे रेखाताई म्हणते. नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी त्यांची हृदयरोगतज्ज्ञ. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी समजावून सांगणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यांत माझा वाटा आहे.

पार्श्वभूमी

रेखाताई सोलापूर जिल्ह्यातल्या. बाराव्या वर्षी त्यांना ताप आला. गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले, महिनाभर शाळा बुडाली. 'वाताचा ताप' म्हणून गोळ्या मिळाल्या आणि दुखणं थांबलं. सांधे मोकळे झाले, पण त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप धरली होती. असा ताप येऊन गेला की दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, हे त्यांच्या घरी कोणी सांगितलंच नाही. ते कळलं लग्नानंतर, 2014 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी. विहिरीवरून कळशी आणताना मध्ये दोनदा टेकावं लागायला लागलं तेव्हा.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या पाकळ्या जाड, आखडलेल्या आणि कडांना गुंडाळल्यासारख्या दिसल्या. झडप नीट मिटत नव्हती, रक्त जोरात मागे फिरत होतं. फुग्याने झडप रुंद करण्याचा उपाय अरुंद झडपेसाठी असतो, गळक्या झडपेला तो चालत नाही. दुरुस्ती करून पाहावी इतकी पाकळी सर्जनच्या हाती शिल्लक नव्हती. झडप बदलणं भाग होतं.

पहिला निर्णय : कुठली झडप?

धातू-कार्बनची यांत्रिक झडप बसवली तर ती आयुष्यभर टिकू शकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची लागते. आपल्याकडे बहुतेकांना असिनोकुमारोल देतात. रेखाताईंच्या लग्नाला वर्षच झालं होतं आणि त्यांना मूल हवं होतं. या गटातल्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतल्या तर बाळाच्या नाकाची आणि हाडांची घडण बिघडू शकते. गोळी बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनच्या इंजेक्शनांवर निभावता येतं, पण त्यासाठी वारंवार तपासण्या लागतात, आणि त्यांचं गाव त्या सोयीपासून दीड तासावर होतं.

इथे थोडं थांबते, कारण या प्रकरणाचा धागा इथूनच सुरू होतो. आपल्या कूर्चेत आणि रक्तवाहिन्यांत मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन नावाचं एक प्रथिन असतं. मऊ ऊतींमध्ये कॅल्शियम साचू न देणं हे त्याचं काम. ते कामाला लागायला व्हिटॅमिन के लागतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या नेमका त्याच व्हिटॅमिनचा वापर अडवतात. बाळाच्या कूर्चेत नको तिथे कॅल्शियमचे ठिपके दिसतात ते यामुळेच, असं मानलं जातं. म्हणजे बाळाला या प्रथिनाच्या अडवणुकीतून वाचवायचं म्हणून आम्ही दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेवर दुसऱ्या एका प्रथिनाने आम्हाला गाठलं. ते प्रथिन म्हणजे कोलॅजन.

दुसरी वाट टिश्यू व्हॉल्व्हची. हा गाईच्या हृदयाभोवतीच्या आवरणातून, नाहीतर डुकराच्या महाधमनीच्या झडपेतून बनवतात. तीन महिन्यांनंतर असिनोकुमारोल थांबवता येतं आणि गरोदरपण सोपं जातं. पण तो आयुष्यभर टिकत नाही.

घर माळकऱ्यांचं. व्हॉल्व्ह कशाचा आहे हे लपवायचं नाही, असं आमच्या सर्जननी ठरवलं होतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग सुनेच्या जिवापुढे माझी हरकत नाही, एवढंच म्हणाल्या. हे सांगायचं टाळणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत. टाळू नये. माणसाच्या छातीत काय बसवतोय हे त्याला कळायलाच हवं.

ऑपरेशन राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेतून झालं, जिला आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. गाईच्या आवरणाचा 27 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह बसला. घरी जाताना इकोत व्हॉल्व्हवरचा सरासरी दाबफरक, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या रक्तदाबातला फरक, 4 मिमी (पारा) होता. उत्तम.

आम्ही सांगितलं, "दहा ते पंधरा वर्षं चालेल."

कोलॅजनची पाकळी म्हणजे काय

आपली स्वतःची झडप दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडमिट करते. कागदापेक्षा थोडीशीच जाड पाकळी एवढा भार पेलते ती तिच्यातल्या तीन थरांमुळे. एका थरात कोलॅजनचे दोर दाटीने बसवलेले असतात, ते ताण घेतात. एका थरात इलॅस्टिन असतं, ते ताणलेली पाकळी परत जागेवर आणतं. मधल्या थरात पाणी धरून ठेवणारे साखरेचे लांब रेणू असतात, ते गादीसारखं काम करतात. या सगळ्यात जिवंत पेशी वावरतात. झिजलेलं कोलॅजन काढतात, नवं विणतात. झडप टिकते ती या रोजच्या डागडुजीमुळे.

टिश्यू व्हॉल्व्हमध्ये हे विणकर नसतात. जनावराचं आवरण तसंच बसवलं तर शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि ते टिकत नाही. म्हणून ते ग्लुटारल्डिहाइड नावाच्या रसायनात बुडवतात. 1960च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अलाँ कार्पांतिए यांनी ही पद्धत रूढ केली, आणि टिश्यू व्हॉल्व्ह त्यामुळेच शक्य झाले. कातडं कमावतात तीच ही क्रिया. ग्लुटारल्डिहाइडच्या रेणूला दोन्ही टोकांना आकडे असतात. एक आकडा कोलॅजनच्या एका धाग्यातल्या लायसीन या घटकाला अडकतो, दुसरा शेजारच्या धाग्यातल्या. असे लाखो टाके पडले की कोलॅजन कुजत नाही आणि शरीराला फारसं खुपत नाही.

त्याच टाक्यांत पुढच्या अडचणीही शिवलेल्या असतात. काही रेणूंचा एकच आकडा अडकतो, दुसरा मोकळा राहतो. तो मोकळा आकडा कॅल्शियमला आमंत्रण देतो. इलॅस्टिनमध्ये लायसीन फार कमी मोकळं असतं, त्यामुळे त्याला हे टाके नीट पडतच नाहीत. मधल्या थरातले पाणी धरणारे रेणूही बांधले जात नाहीत, ते हळूहळू झरून जातात आणि गादी चपटी होते. सगळ्यात मोठी गोष्ट आवरणातल्या मेलेल्या पेशींची. जिवंत पेशी आपल्या आतलं कॅल्शियम सतत बाहेर उपसते. आत जेवढं असतं त्याच्या साधारण दहा हजार पट बाहेर. पेशी मेली की हा उपसा बंद पडतो, कॅल्शियम आत शिरतं, आणि तिथे त्याला पेशीच्या पडद्यातलं फॉस्फरस तयार सापडतं. दोन्ही मिळून खडे धरतात. हे खडे म्हणजे हायड्रॉक्सिअपाटाइट, आपल्या हाडातलंच खनिज.

एकदा खडा धरला की तो कोलॅजनच्या धाग्याधाग्याने पसरतो. यात आश्चर्य काही नाही. हाडात हेच खनिज कोलॅजनमधल्या सूक्ष्म फटींत बसतं, म्हणून तर हाड कडक असतं. कोलॅजनला खनिज धरता येतं. आपण त्याला पाकळी व्हायला सांगतो, आणि त्याच्या घडणीत हाड व्हायची सोय आधीपासून असते.

अडचण

मुलगी 2016 मध्ये झाली, मुलगा 2018 मध्ये. दोन्ही बाळंतपणं सुरळीत झाली. 2017 पर्यंत त्या वर्षाला एकदा इको करून जात. 2019 च्या इकोत दाबफरक 6 होता. रिपोर्टवर 'व्हॉल्व्ह नीट चालतोय' असं लिहिलं गेलं, आणि ते चूकही नव्हतं. पण 2014 चे 4 आणि आताचे 6 शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत. मग कोविडची दोन वर्षं गेली, येणं झालं नाही.

2021 च्या दिवाळीत पुन्हा दम लागू लागला. जवळच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन 8.4 निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कमी होतं हे खरंच होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10 वर गेलं, दम मात्र वाढला. फेब्रुवारी 2022 मध्ये त्या आमच्याकडे आल्या तेव्हा रात्री दोन उशा घेऊन झोपत होत्या.

इकोमध्ये दाबफरक 13. फुप्फुसाच्या धमनीतला दाब 62. तीन पाकळ्यांपैकी एक हलतच नव्हती, दुसरी अर्धवट.

दुसरा निर्णय : कॅल्शियम की गुठळी?

दाबफरक वाढला म्हणजे पाकळ्या कडकच झाल्या, असं धरून चालता येत नाही. टिश्यू व्हॉल्व्हवर बारीक गुठळी बसली तरी पाकळी अशीच अडकते, आणि ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी विरघळू शकते. काही आठवडे असिनोकुमारोल देऊन पाहणं हा खरा पर्याय होता. जंतुसंसर्गाचाही विचार करायला हवा होता.

आम्ही अन्ननलिकेतून इको केला. पाकळ्यांवर गुठळी किंवा जंतुसंसर्गाचा पुंजका दिसला नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही. मग सीटी केला. दोन पाकळ्या जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे, आणि तिथून पाकळीच्या पोटापर्यंत, पांढऱ्याशुभ्र रेघा दिसल्या. पाकळी सगळ्यात जास्त वाकते त्याच या जागा. साडेसात वर्षांत 28 कोटींच्या आसपास वेळा ती तिथे वाकली होती. वाकून वाकून कोलॅजनचे दोर तुटतात आणि तुटलेल्या टोकांवर खनिज पटकन बसतं. गोळ्या देऊन वाट पाहायचा प्रश्न तिथेच मिटला.

व्हॉल्व्ह इतक्या लवकर का गेला? वय हे मुख्य कारण. तरुण शरीरात कॅल्शियम-फॉस्फरसची उलाढाल जास्त असते आणि प्रतिकारशक्ती जागी असते. गाईच्या ऊतीत आल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसाच्या शरीरात ती नसते, आणि तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी प्रत्येकाच्या रक्तात फिरत असतात. ग्लुटारल्डिहाइड तिला पूर्ण झाकू शकत नाही. शिवाय मिट्रल झडपेवर मिटताना डाव्या कप्प्याचा पूर्ण दाब येतो. सत्तरीतल्या माणसात जो व्हॉल्व्ह पंधरा वर्षं चालतो, तोच विशीतल्या मुलीत त्याच्या निम्म्या काळात जाऊ शकतो. गरोदरपणाने झीज वेगाने होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून मी तो दोष बाळंतपणांना देत नाही.

रेखाताईंनी विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. "मॅडम, दोन्ही वेळेला कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या, त्याच जाऊन बसल्या का?" त्यांच्या मनात हे किती दिवस होतं, कोण जाणे. पतीने घरात दूध-नाचणीही बंद करून टाकली होती. मी त्यांना सांगितलं की नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर एका अरुंद पट्ट्यात सांभाळतं, डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्ये, आणि तुमचे सगळे रिपोर्ट त्या पट्ट्यातच आहेत. व्हॉल्व्हला लागणारं कॅल्शियम प्रत्येकाच्या रक्तात असतंच. ते साचलं ते पाकळीच्या घडणीमुळे. बाळंतपणातल्या गोळ्या तुमच्या हाडांसाठी होत्या आणि त्या घ्यायलाच हव्या होत्या. त्या रडल्या. मला वाटतं, त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात हे सर्वांत गरजेचं होतं.

तिसरा निर्णय : आता काय?

नुसत्या औषधांनी लघवी वाढवून दम कमी होतो, पण फुप्फुसांवरचा दाब राहतो. तो पर्याय फक्त ऑपरेशनपर्यंतचे दिवस काढण्यापुरता. आतून फुगा फुगवून कडक पाकळी उघडायची तर ती फाटण्याची, आणि तिचा तुकडा मेंदूकडे जाण्याची भीती. सोडून दिला.

जांघेतल्या शिरेतून, जुन्या व्हॉल्व्हच्या आतच नवा टिश्यू व्हॉल्व्ह बसवता येतो. छाती उघडावी लागत नाही. पुन्हा ऑपरेशन म्हणताच सगळ्यांचे डोळे या पर्यायाकडे वळले, आणि ते स्वाभाविक होतं. पण वय 31. नवा व्हॉल्व्हही कमावलेल्या कोलॅजनचाच, तोही कडक होणार. आणि 27 च्या आत बसवल्यावर आतली वाट आणखी अरुंद, त्यामुळे तिसऱ्या वेळी आणखी कठीण. खर्चही लाखांत. सत्तरीच्या आजींना मी हाच पर्याय आधी सांगितला असता.

पुन्हा शस्त्रक्रियेने टिश्यू व्हॉल्व्ह? आता कॅल्शियम कमी साचावं म्हणून वेगळी प्रक्रिया केलेले व्हॉल्व्ह मिळतात. कुठे अल्कोहोलने मेलेल्या पेशींच्या पडद्यांतली चरबी धुतात, कुठे अमिनो-ओलिइक आम्लाने ग्लुटारल्डिहाइडचे मोकळे आकडे बंद करतात, तर कुठे ते आकडे बंद करून व्हॉल्व्ह कोरडा साठवतात. कल्पना योग्य आहेत. पण तिशीतल्या रुग्णाच्या मिट्रल झडपेत ते वीस वर्षं टिकतील असं आज कोणी सांगू शकत नाही.

राहिली यांत्रिक झडप. आठ वर्षांपूर्वी जिला आम्ही नाही म्हटलं होतं, ती आता योग्य झाली होती. झडप तीच, रेखाताई बदलल्या होत्या. दोन मुलं झाली होती, तिसरं नको होतं. कायमच्या गोळीचा आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे मोजणाऱ्या, तपासणीचा भार मात्र खरा होता. आम्ही तालुक्याच्या गावातली एक लॅब शोधली आणि एका महिन्यात तीनदा आमच्या लॅबशी तिचे रिपोर्ट ताडून पाहिले. आकडे जुळल्यावरच हा पर्याय मी त्यांच्यापुढे पक्का म्हणून मांडला.

पुढे गर्भ राहू नये याची खात्री हवी होती. सगळे रेखाताईंच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. आमच्या सिस्टरनी पतीला बाजूला घेऊन बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल सांगितलं : दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि बायकोच्या हृदयावर एका भुलीचा भार कमी. त्यांनी आठवड्याभरात करून घेतली. त्या भागात हे सोपं नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काय केलं

लोह शिरेतून दिलं, हिमोग्लोबिन 11.6 वर आणलं. दातांची तपासणी झाली, किडलेली एक दाढ काढली, कारण दातातले जंतू नव्या झडपेवर बसू शकतात. सीटीवर हृदय आणि छातीच्या हाडातलं अंतर पाहिलं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये हृदय हाडाला चिकटलेलं असू शकतं, आणि छाती उघडतानाच ते फाटण्याची भीती असते. अंतर पुरेसं होतं. एप्रिल 2022 मध्ये दुपाकळी यांत्रिक झडप बसली.

काढलेला व्हॉल्व्ह सर्जननी स्टीलच्या ट्रेमध्ये माझ्यापुढे धरला. नवा व्हॉल्व्ह मी हाताळलेला आहे. त्याची पाकळी ओल्या मऊ कातड्यासारखी असते, बोटाने हलकेच सरकवली तरी झुकते. ही पाकळी झुकली नाही. चिमट्याने दाबल्यावर कर्र आवाज आला आणि कडेचा तुकडा पापडासारखा तुटला. जोडाजवळ पिवळट पांढरे खडे होते. एका पाकळीला कडेपासून चार मिलिमीटर आत चीर गेली होती. पॅथॉलॉजीत साचलेलं कॅल्शियम काळं दाखवणारा व्हॉन कोसा रंग दिल्यावर कोलॅजनच्या दोरांच्या दिशेनेच काळे पट्टे उमटले. वर्षानुवर्षं मी जे आकृत्यांत दाखवत आले होते, ते एका ओळखीच्या बाईच्या पाकळीत दिसलं.

परिणाम

रेखाताई नवव्या दिवशी घरी गेल्या. सहा महिन्यांनी फुप्फुसातला दाब 38 वर आला. आयएनआर 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा आहे. पहिल्या वर्षी दोनदा तो 5 च्या वर गेला. त्यातल्या एका वेळी पाय मुरगळला म्हणून दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेतल्या होत्या. त्यानंतर कुठलीही नवी गोळी घेण्याआधी त्या फोन करतात. पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

2014 मध्ये टिश्यू व्हॉल्व्ह निवडला, तो निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही. दोन मुलं त्या निर्णयामुळे सुखरूप जन्माला आली. चुकलं ते सांगणं. 'दहा ते पंधरा वर्षं' हा आकडा वयस्क रुग्णांचा होता आणि आम्ही तो 23 वर्षांच्या मुलीला दिला. म्हणायला हवं होतं की तुझ्या वयात हा व्हॉल्व्ह सात-आठ वर्षांतही जाऊ शकतो, दुसरं ऑपरेशन जवळजवळ नक्की आहे, आणि मुलं होईपर्यंतचा वेळ आपण यातून मिळवतो आहोत. मग 2021 मध्ये दम लागल्यावर त्यांनी स्वतःच व्हॉल्व्हचा विचार केला असता. पंधरा वर्षांच्या भरवशावर असलेल्या माणसाला सातव्या वर्षी व्हॉल्व्ह आठवत नाही.

2019 चा दाबफरक 6 हा दुसरा हुकलेला क्षण. एकट्याने तो निरोगी दिसतो. 4 च्या शेजारी ठेवला की सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावं असं वाटतं. कोविडच्या काळात टिश्यू व्हॉल्व्हच्या तरुण रुग्णांची यादी करून फोन करणं आम्हाला शक्य होतं. केलं नाही.

आता चाळिशीच्या आत टिश्यू व्हॉल्व्ह बसवलेल्या प्रत्येकाला आम्ही एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड देतो. वर व्हॉल्व्हचा प्रकार, माप आणि घरी जातानाचा दाबफरक. खाली दर वर्षी एक ओळ : तारीख, दाबफरक, हिमोग्लोबिन. शेवटच्या ओळीत मराठीत छापलं आहे, 'दम लागला तर रक्त तपासा आणि इकोही करा.' पहिलं कार्ड रेखाताईंनी वाचून पाहिलं. अक्षर मोठं करा, सासूबाईंना वाचता यायला हवं, म्हणाल्या. तेवढं मोठं केलं.